हिंदी महासागर आणि वाऱ्याची मुदत
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त झालेलें व्याख्यान)



ह्या व्याख्यानमालेंत आम्हीं कोणत्या विषयावर बोलावें, असें समितीच्या मंडळींनीं विचारलें, तेव्हां त्यांच्या मनांत आपल्या देवळाचा इतिहास असावा. परंतु तें काम आमच्याहून अधिकारी माणसांकडे आहे. आम्हीं जो विषय मागून घेतला तो देवळाच्या पाठीमागें, माडांच्या पलीकडे, रात्रंदिवस गर्जत असतो. आपल्यापैकीं कित्येकांचें पोट त्याच्यावर चालतें. बाकीच्यांच्या शेतांत व वाड्यांत पडणारा पाऊस त्याच्यातूनच उठून येतो. असें असून आपण त्याविषयीं बोलतों तें मासळीच्या भावापुरतें. आज तासभर त्या समुद्राकडे तोंड करून बसूं.

पृथ्वीवरील महासागरांत हिंदी महासागराचा क्रम तिसरा लागतो. त्याचा विस्तार सुमारें सात कोटि चौरस किलोमीटर, म्हणजे जगांतील एकंदर समुद्राचा जवळजवळ पांचवा हिस्सा. सरासरी खोली पावणेचार किलोमीटरांच्या आसपास असून जावा बेटाच्या दक्षिणेस जो खंदक आहे तेथें ती सात किलोमीटरांच्याही पलीकडे जाते. परंतु आंकड्यांवरून कोणाचा स्वभाव कळत नसतो. त्यासाठीं नकाशाच पाहिला पाहिजे. पॅसिफिक व अटलांटिक हे दोन्ही महासागर उत्तरेस ध्रुवप्रदेशापर्यंत पसरले आहेत. आपला समुद्र मात्र आशियाखंडाच्या भिंतीस थडकून थांबतो. वर अफाट जमीन आणि खालीं अफाट पाणी, अशी ही मांडणी आहे. पुढें जें कांहीं आम्ही सांगणार आहों तें सारें ह्या एका मांडणींतून निघालें आहे.

ही मांडणी अनादि नव्हे. दक्षिणेकडील सर्व खंडें एके काळीं एकत्र जोडलेलीं होतीं. त्या जोडभूमीस शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. सुमारें अठरा कोटि वर्षांपूर्वीं ती फुटूं लागली. हिंदुस्थानचा तुकडा नऊ कोटि वर्षांपूर्वींच्या सुमारास मादागास्करपासून सुटला आणि उत्तरेची वाट चालूं लागला. वाटेंत, सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं, तो पृथ्वीच्या पोटांतील एका धगधगत्या जागेवरून गेला. तेथून जो शिलारस उसळला त्याचे थरांवर थर सांचून सह्याद्रि आणि दख्खनचें पठार झालें. जमीन पुढें सरकली, धग मात्र मागें राहिली, आणि तिच्यावरून सरकणाऱ्या समुद्रतळावर ती एकामागून एक खुणा उमटवीत गेली: लक्षद्वीप व मालदीव ज्या बुडालेल्या डोंगररांगेवर उभीं आहेत ती रांग, पुढें चागोस, पुढें मॉरिशस, आणि शेवटीं रेयुनियन बेट, जेथील ज्वालामुखी आजही मधून मधून पेटतो. आपल्या घरांच्या जोत्यांतला काळा दगड आणि चारपांच हजार किलोमीटरांवरील तो ज्वालामुखी हे एकाच चुलीचे. सेशेल्सचीं बेटें तर ह्याच प्रवासांत आपल्या भूमीपासून तुटून मागें राहिलेला तुकडा होत.

पुढें हा तुकडा आशियास जाऊन भिडला, हिमालय वर आला, आणि समुद्राच्या उत्तरेस ती भिंत पुरी झाली. तिचा परिणाम वाऱ्यावर झाला. उन्हाळ्यांत ही जमीन भयंकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिची जागा घेण्यास विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील पाणीदार वारा धांव घेतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळें तो वळतो आणि जूनच्या आरंभीं नैर्ऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतो. हिंवाळ्यांत उलट होतें: जमीन निवते, समुद्र ऊन राहतो, आणि कोरडा वारा ईशान्येकडून समुद्रावर उतरतो. वारे सर्वच समुद्रांवर वाहतात. पण वर्षांतून दोनदां पाठ फिरवून उलटे वाहावयाचें, तेंही इतक्या नेमानें, हें येथेंच. फार काय, सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा बलाढ्य सागरी प्रवाहदेखील वाऱ्याबरोबर आपली दिशा उलटी करतो. पावसाळ्यांत तो उत्तरेस वाहतो, हिंवाळ्यांत दक्षिणेस. पावसाळी वारा तेथील आणि ओमानजवळील वरचें पाणी दूर लोटतो, म्हणून तळाचें थंड व सकस पाणी वर येतें, त्यावर डोळ्यांस न दिसणाऱ्या वनस्पति माजतात, आणि त्यांवर मासळी पोसते.

अरबी भाषेंत ठरलेल्या काळास ‘मौसिम’ म्हणतात. आपला ‘मोसम’ तोच, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजींत गेलेला ‘मॉन्सून’ही तोच. ह्या समुद्राला त्याच्या लोकांनीं नांव दिलें असतें तर तें मुदतीचेंच दिलें असतें असें आम्हांस वाटतें. कारण शिडाच्या काळांत येथें माणसाच्या सवडीनें कांहींच होत नसे. आफ्रिकेहून किंवा अरबस्तानाहून निघालेलें गलबत नैर्ऋत्य वाऱ्याच्या पाठबळावर हिंदुस्थानास येई. परत फिरावयाचें तर ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबलें पाहिजे. ऐन पावसाळ्यांत तर किनाऱ्याशीं येणेंही शक्य नसे, मग बंदरें मिटून घेत. व्यापारी कितीही धनाढ्य असो, तांडेल कितीही धाडसी असो, परक्या गांवीं महिन्यांमागून महिने काढणें त्यांस चुकत नसे.

माणूस महिनोन्महिने एके ठिकाणीं राहिला म्हणजे काय होतें तें सांगावयास नको. तो भाड्यानें घर घेतो, उधारी करतो, तिथली भाषा शिकतो, प्रार्थनेस जागा मागतो, आणि पुष्कळदां लग्नही करतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेचा सांगाडा आफ्रिकी, पण तिच्या अंगावर अरबी शब्दांचे पेहराव. तिचें नांवच अरबींतील ‘किनारे’ ह्या शब्दावरून पडलें आहे. मादागास्कर आफ्रिकेला लागून आहे, पण तेथील भाषेची सख्खी बहीण दूर बोर्निओ बेटांत एका नदीकांठीं सांपडते, इतक्या लांबून होड्यांतून माणसें येऊन तेथें वसलीं. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें ह्या समुद्राची जी वाटपुस्तिका लिहिली तिच्यांत सोपारा व कल्याण हीं आपलीं बंदरें आहेत. मिसर देशांत तांबड्या समुद्राच्या कांठीं बेरेनिके म्हणून बंदर होतें. तेथील देवालयांत पुरलेल्या एका हिंदुस्थानी रांजणांत संशोधकांस सुमारें साडेसात किलो काळीं मिरीं मिळालीं. मलबारांतल्या कोणाच्या तरी परसांतलीं तीं मिरीं, दोन हजार वर्षें तशींच राहिलीं.

धर्म ह्याच वाटेनें आला. सहाव्या शतकांत कॉस्मास नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशानें ‘कल्लियाना’ येथें ख्रिस्ती लोक असल्याचें व त्यांचा बिशप इराणांतून दीक्षा घेऊन येत असल्याचें लिहून ठेविलें आहे. हें आपलें कल्याण कीं दक्षिणेकडील दुसरें एखादें बंदर, ह्याविषयीं पंडितांत वाद आहे. तो वाद येथें सोडवावयाचा नाहीं. मात्र आपल्या श्रद्धेचा इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होतो असें जें आपण धरून चालतों, त्यास ह्या समुद्राच्या कागदपत्रांचा आधार नाहीं.

ठाण्याच्या हुतात्म्यांची गोष्ट पाहा. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियुस हे चार फ्रान्सिस्कन, आणि त्यांच्यासमवेत जॉर्दानुस नांवाचे डोमिनिकन धर्मगुरु, इराणच्या आखातांतील होर्मुझ बंदराहून निघाले. त्यांस जावयाचें होतें केरळांतील कोल्लम येथें. गलबत त्यांच्या मनाविरुद्ध ठाण्यास येऊन लागलें, आणि तेथें १३२१ च्या एप्रिलमध्यें ते चौघे मारले गेले. जॉर्दानुस त्या वेळीं दुसरीकडे असल्यामुळें वांचले. त्यांनीं ते देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. त्यानंतर थोड्याच काळांत ओदोरिक नांवाचे दुसरे फ्रान्सिस्कन होर्मुझहून आले. त्यांचें जहाज लोखंडाच्या एकाही खिळ्यावांचून नुसत्या दोरानें शिवलेलें होतें, आणि अठ्ठावीस दिवसांत तें ठाण्यास पोंचलें. नारळाच्या काथ्यानें फळ्या शिवण्याची ही रीत ह्या समुद्राची जुनी रीत. ओदोरिकांनीं सोपाऱ्याच्या त्या अस्थि उकरून बरोबर घेतल्या आणि दक्षिणेस निघाले. वाटेंत वारा पडला. जहाजावरचे सर्व लोक आपापल्या देवाची करुणा भाकूं लागले, तरी पान हालेना. हीं हाडें समुद्रांत टाका अशी ओरड झाली. तेव्हां आपण गुप्तपणें त्यांतील एक अस्थि समुद्रांत टाकावयास लावली आणि वारा सुटला, असें ओदोरिक आपल्या वृत्तांतांत सांगतात. उरलेल्या अस्थि चीनमधील झैतून बंदरीं पोंचल्या. चमत्काराचा निर्णय करणें आमचें काम नव्हे. परंतु ज्या जहाजावर निरनिराळ्या धर्मांचीं माणसें एकाच वाऱ्यासाठीं हात जोडून बसलीं होतीं, तें चित्र आमच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं.

वाऱ्याची मुदत न पाळणाऱ्याचें काय होई, ह्याचा ढळढळीत दाखला वास्को द गामा ह्यानें घालून दिला आहे. १४९८ च्या एप्रिलअखेर तो आफ्रिकेंतील मालिंदीहून निघाला. बरोबर त्या समुद्राचा माहीतगार वाटाड्या होता आणि वारा पाठीशीं होता. सुमारें तेवीस दिवसांत तो मलबारच्या किनाऱ्यास लागला. परततांना त्यास दम धरवला नाहीं. ईशान्येचा वारा नीट सुटण्याआधींच, ५ ऑक्टोबर रोजीं, त्यानें कारवारजवळचें अंजदीव बेट सोडलें. तोच समुद्र ओलांडावयास त्यास तीन महिने लागले. हिरड्या सुजून, अंग फुगून तीसएक खलाशी मेले. पलीकडे पोंचल्यावर एक जहाज चालवावयास माणसें उरलीं नाहींत म्हणून तें जाळून टाकावें लागलें.

ह्याच्या उलट संत फ्रान्सिस झेवियर. ते १५४१ च्या एप्रिलमध्यें लिस्बनहून निघाले, परंतु मोझांबिकला पोंचेपर्यंत हिंदुस्थानचा वारा निघून गेला होता. सुमारें सहा महिने तेथेंच काढावे लागले. ते त्यांनीं तेथील रुग्णालयांत आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यांत घालविले, आणि ६ मे १५४२ रोजीं गोव्यास पाय ठेविला. आपले फादर स्टीफन्स, ज्यांचें ख्रिस्तपुराण आपल्या आजोळच्या घरोघर वाचलें जात असे, ते १५७९ सालीं आले. त्याच वर्षीं वडिलांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ह्या प्रवासाचें वर्णन केलें आहे. केप ओलांडण्यास उशीर झाल्यामुळें मादागास्करच्या आंतून जाण्याचा वारा हुकला आणि त्यांच्या जहाजास बाहेरची लांबची वाट धरावी लागली. दीडशेंहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. इतके थोडे मेले म्हणून जहाजावरचे लोक ती सफर सुखाचीच समजत होते, हें विशेष.

आतां एक गोष्ट बोलणें प्राप्त आहे, आणि ती ह्या ठिकाणीं बोलतांना जीभ अडखळते. पोर्तुगीज येण्यापूर्वीं ह्या समुद्रावर चांचे होते, लढाया होत्या, जकाती होत्या. पण समुद्रच आमच्या मालकीचा आहे असें कोणी म्हटलें नव्हतें. पोर्तुगीजांनीं तें म्हटलें. १५१० सालीं गोवा, १५११ सालीं मलाक्का, १५१५ सालीं होर्मुझ अशा कुलुपांच्या जागा त्यांनीं हस्तगत केल्या, १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहाकडून वसई मिळविली, आणि ‘कार्ताझ’ म्हणून परवाना काढला. तो जवळ नसेल तें गलबत लुटावें असा कायदा झाला. १५०२ सालीं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें एक जहाज बायकामुलांसह वास्को द गामानें जाळलें. ज्या आरमारानें झेवियरांस आणलें त्याच आरमाराचें हें कृत्य. वसईचा किल्ला १७३९ सालीं पडला, कार्ताझ संपले, आपली श्रद्धा मात्र राहिली. तिला तोफांची गरज नव्हती हें काळानेंच सिद्ध केलें. वसईचे संत गोन्सालो गार्सिया पूर्वेस गेले ते सैनिक म्हणून नव्हे. १५९७ सालीं नागासाकी येथें ते क्रुसावर गेले तेव्हां त्यांच्या हातांत शस्त्र नव्हतें.

माणसांची विक्री हा ह्या समुद्राचा दुसरा कलंक. तो पोर्तुगीजांहून पुष्कळ जुना, आणि त्यांत अरब, गुजराथी, फ्रेंच, डच अशा सर्वांचे हात बरबटलेले आहेत. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ सालीं बंद झाला. दर्यावर सोडविलेलीं आफ्रिकी मुलें मुंबईस आणून कांहींना नाशिकजवळ शरणपूर येथें प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं शिकविलें. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या पोटांतून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत होता. गोदावरीच्या कांठीं शिकलेला तो मुलगा आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत कां नाहीं, असें आम्हांस नेहमीं वाटतें. गुलामी गेली आणि गिरमिट आलें. १८३४ सालीं ‘अ‍ॅटलास’ जहाजांतून छत्तीस मजूर मॉरिशसला उतरले. पुढें पाऊणशें वर्षांत साडेचार लाखांच्या वर गेले. त्यांत कोंकणांतले मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांनीं उसाच्या मळ्यांत मराठी टिकविली. ती तेथील शाळांत शिकविली जाते.

१८६९ सालीं सुएझचा कालवा उघडला. आगबोटीस वाऱ्याची वाट पाहावी लागत नाहीं. महिन्यांचे प्रवास दिवसांवर आले. सोय झाली हें कोण नाकबूल करील? परंतु परक्या गांवीं थांबण्याची सक्तीही तेव्हांच गेली. आज टोलेजंग मालवाहू जहाज बंदरांत येतें, दिवसा दोन दिवसांत रिकामें होऊन जातें, आणि त्यावरील खलाशी गांवांत उतरतही नाहींत. आपल्या धर्मग्रामांतले तरुण जहाजावर नोकरीस आहेत. त्यांनीं किती बंदरें पाहिलीं हें विचारा, आणि किती बंदरांत कोणाच्या घरीं जेवले हेंही विचारा.

समुद्र आतां आपली खूण अन्य रीतीनें पटवितो. २००४ सालीं, नाताळच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं, सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला आणि त्या लाटांनीं चौदा देशांत सुमारें सव्वादोन लाख माणसें गिळलीं. वेलांकण्णीच्या वाळवंटावर गेलेले किती तरी यात्रेकरू परत आले नाहींत. तेव्हां ह्या समुद्रावर पूर्वसूचनेची व्यवस्थाच नव्हती. ती हैदराबादेस २००७ सालीं सुरू झाली. ती आपत्ति मात्र क्षणाची होती. दुसरी हळूहळू चालली आहे. १९५० नंतरच्या सत्तर वर्षांत हिंदी महासागराचें वरचें पाणी दर दशकास सुमारें ०.१२ अंश सेल्सिअस ह्या मानानें तापत गेलें आहे. आंकडा लहान दिसतो. परंतु वरचें ऊन पाणी हलकें होऊन झांकणासारखें बसतें, तळाचें सकस पाणी वर येऊं देत नाहीं, आणि मासळीचा चारा कमी होतो. अरबी समुद्रांत शंभर दीडशें मीटरांखालीं प्राणवायु जवळजवळ नसलेला एक जाड थर मूळचाच आहे. त्यामुळें मासळीस खालीं पळावयासही वाव नाहीं. आणि चक्रीवादळें! आमच्या लहानपणीं तीं बंगालच्या उपसागराचीं म्हणून ऐकत होतों. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ कोंकणावर चढलें आणि पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत ‘तौक्ते’ आपल्या दारावरून गेलें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

पश्चिम किनाऱ्यावर जून व जुलै ह्या महिन्यांत यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. हे मासळीच्या विणीचे दिवस. आपल्या वाडवडिलांस ही बंदी सरकारनें घालावी लागत नसे. ती वारा घालीत असे. होड्या ओढून वर घ्यावयाच्या, डोल जाळीं दुरुस्त करावयाचीं, सोयरीक जुळवावयाची, आणि समुद्र निवला म्हणजे धर्मगुरूंकडून होड्यांस आशीर्वाद घेऊन पुन्हां निघावयाचें. आज इंजिनास वाऱ्याचें भय नाहीं. म्हणून मुदत संपण्याआधीं कांहीं होड्या निघतात, आणि त्या कोणत्या हें किनाऱ्यावर सर्वांस ठाऊक असतें. जो निघतो त्याचीही अडचण आम्ही जाणतों: डिझेलाचें कर्ज त्यास थांबूं देत नाहीं, आणि मोठे ट्रॉलर बाहेर सारें ओढून नेतात असें तो म्हणतो, तें खोटें नाहीं. तरीपण पोटांत गाभोळी असलेली मासळी जून महिन्यांत बाजारांत पाहिली कीं आम्हांस ५ ऑक्टोबरला अंजदीव सोडणारा तो उतावळा कप्तान आठवतो.

समितीकडे एक मागणें आहे. आपल्या धर्मग्रामांत शिडाची होडी स्वतः हाकलेले तांडेल आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. कोणता वारा कोणत्या महिन्यांत कोठून फिरतो, उधाण व भांग ह्यांच्या वेळीं जाळें कोठें लावावें, ढगांवरून काय ओळखावें, हें त्यांस तोंडपाठ आहे आणि कोठेंही लिहिलेलें नाहीं. बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या वह्या आपण तीन तीन पिढ्या जपतों. तशीच एक वही ह्यासाठीं उघडावी आणि ज्युबिलीचें वर्ष संपण्याआधीं शाळेंतल्या मुलांनीं ह्या म्हाताऱ्यांकडे बसून ती भरावी. पहिल्या पानासाठीं दोन तांडेलांचा शब्द आम्हीं आजच घेतला आहे. ते दोघे मागच्या बांकावर बसले आहेत.